आमाबेदची पत्रे आणि गोव्याचे 'व्हडलें घर'

अंबडची पुष्करणी बारव पाहण्यास आलेला मनुष्य अहिल्याबाई होळकरांचे नाव ऐकल्यावाचून पायऱ्या चढून वर येत नाही. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरही तेच नाव कानी पडते. या साध्वीने १७६७ साली माळव्याचा कारभार हाती घेतला आणि पुढे काशीचे विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. तिच्या कारभाराला दोन वर्षे होतात न होतात तोच, १७६९ साली, जिनिव्हानजीकच्या फेर्ने गावी राहणाऱ्या एका वयोवृद्ध फ्रेंच लेखकाने त्याच काशीतील एका तरुण ब्राह्मण जोडप्याची कादंबरी लिहून प्रसिद्ध केली. कादंबरीचे नाव 'आमाबेदची पत्रे'. नायकाच्या नावात आणि आमच्या गावाच्या नावात जे साम्य वाटते ते निव्वळ कानाचे आहे, त्याला इतिहासात काडीचाही आधार नाही. परंतु या कानाच्या साम्यामुळेच आमचे लक्ष प्रथम त्या पुस्तकाकडे गेले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. ही पत्रे आबे तांपोने यांनी अनुवादिली आहेत, एवढेच तेथे छापले होते. 'आबे' म्हणजे धर्मगुरू. एका धर्मगुरूने भारतातील खरीखुरी पत्रे मिळवून फ्रेंच भाषेत आणली, असा भोळ्या वाचकाचा समज व्हावा अशी ती योजना होती. वास्तविक पत्रेही खरी नव्हती आणि अनुवादकही खरा नव्हता. लेखक होता व्हॉल्तेर.

या कादंबरीतील निम्मा तुरुंग गोव्याचा आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळांची मान खाली जाते आणि काहींची विनाकारण ताठ होते. भाषणांतून, लेखांतून तो विषय वारंवार येतो, आणि आपण एक तर गप्प बसतो, नाही तर 'हे सारे ख्रिस्तद्वेष्ट्यांनी रचलेले आहे' असे म्हणून मोकळे होतो. ख्रिस्तसभेचा उपहास करणाऱ्यांत अग्रणी मानल्या गेलेल्या लेखकाने याच विषयावर नेमके काय रचले, आणि रचलेले कोठे संपते व घडलेले कोठे सुरू होते, हे एकदा शांतपणे पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम टोपणनावाविषयी. आपल्या मराठीत या प्रथेला तोटा नाही. जुन्या अंबड तालुक्यातील जांबच्या नारायण सूर्याजीपंत ठोसरांना आपण रामदास म्हणतो, तेथे नाव झाकण्याचा हेतू नसून दास्यभाव प्रकट करण्याचा आहे. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' झाले, तेथे पित्याविषयीची वा भावाविषयीची कृतज्ञता आहे. निराळा प्रकार आढळतो १९३३ साली. त्या वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने निघाला आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित समाजात मोठे वादळ उठले. अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातील बोलणे कोणी तरी उघड्यावर मांडले होते. पाठोपाठ १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. ही विभावरी कोण, पुरुष की स्त्री, यावर तर्क चालले. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर होत्या. पुस्तक उघडपणे लिहिले असते तर नोकरी करणाऱ्या त्या तरुण स्त्रीला समाजाने जगणे अशक्य केले असते. नाव झाकणे ही तेथे ढाल होती.

व्हॉल्तेरच्या हाती ढालही होती आणि खंजीरही. ढालीची गरज त्याला खरोखरीच होती. १ जुलै १७६६ रोजी फ्रान्समधील अबव्हिल येथे शेव्हालिए द ला बार नावाच्या जेमतेम विशीतील तरुणाचा देवनिंदेच्या आरोपावरून शिरच्छेद करण्यात आला. त्याचे प्रेत जाळताना त्या चितेत व्हॉल्तेरचा 'तत्त्वज्ञानकोश' टाकण्यात आला. तोही निनावी छापलेला ग्रंथ होता, पण कोणाचा ते सर्वांना ठाऊक होते. अशा काळात लेखक आपले नाव मुखपृष्ठावर घालीत नाही यात नवल नाही. त्याने आयुष्यात शंभरांहून अधिक टोपणनावे वापरली. 'कांदीद' ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी १७५९ साली 'डॉक्टर राल्फ यांच्या जर्मन ग्रंथाचा अनुवाद' म्हणून निघाली. असा कोणी डॉक्टर नव्हताच. दुसऱ्या एका ग्रंथाचा कर्ता त्याने 'कैलासवासी आबे बाझँ' हा ठरविला, म्हणजे खटला भरायचा तर मेलेल्यावर भरा!

पण तांपोने हे नाव कल्पित नव्हते. त्या नावाचे धर्मपंडित पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात खरोखर होते आणि पुस्तके तपासून त्यांत पाखंड शोधण्याचे काम ते करीत. १७६७ सालीच व्हॉल्तेरने आपल्या एका उपहासात्मक पुस्तिकेवर त्यांचे नाव अनुवादक म्हणून छापले होते. दोन वर्षांनी 'आमाबेदची पत्रे'वरही तेच घातले. ज्याने आयुष्यभर पाखंडी पुस्तकांचा निषेध केला त्याच्याच नावावर पाखंडी पुस्तक चिकटविणे, ही थट्टा वाचकांना फार आवडली. आम्हांस ती तितकीशी आवडत नाही. विभावरी शिरूरकरांनी स्वतःचा चेहरा झाकला, दुसऱ्याचा चोरला नाही. हा भेद लहान नव्हे.

आता कथेकडे वळू. कादंबरी पत्ररूप आहे. काशीचा तरुण आमाबेद मदुरेच्या शास्तासिद नावाच्या महापंडिताला पत्रे लिहितो. काळ पोर्तुगीज भारतात नुकतेच आल्याचा, म्हणजे १५१२ च्या आसपासचा धरलेला आहे. आमाबेदकडे फा तुत्तो नावाचा एक इटालियन डोमिनिकन संन्यासी येतो. इटालियनमध्ये या नावाचा अर्थ 'सर्व काही करणारा' असा होतो. नावातच लेखकाने बोट दाखवून ठेवले आहे. आमाबेद त्याला आपली भाषा शिकवितो, तो आमाबेदला इटालियन शिकवितो. आमाबेदचा आदाते नावाच्या मुलीशी विवाह होतो. प्रवासाला निघालेल्या या जोडप्याला फा तुत्तो गोव्यास आणतो आणि तेथे दोघांना इन्क्विझिशनच्या हवाली करतो. आरोप असा की, या दोघांचा स्नानसंस्कार झालेला असून त्यांनी धर्मत्याग केला आहे. नवरा-बायको वेगवेगळ्या कोठडीत पडतात. यापुढची पत्रे आदातेची आहेत. ती व तिची दासी देरा यांच्यावर तो संन्यासी अत्याचार करतो. पुढे हे प्रकरण बाहेर फुटते आणि निवाड्यासाठी सर्वांना रोमला पाठविण्यात येते. रोममध्ये दहाव्या लिओ पोपमहोदयांचा काळ आहे. तेथे मेजवान्या, नाटके, कार्डिनलांच्या बैठकी. पीडित जोडप्याचे तेथे कोडकौतुक होते, हळूहळू त्यांनाही रोम गोड वाटू लागते, आणि न्याय राहतो बाजूला. येथे पुस्तक जणू मध्येच थांबते.

आदातेची कोठडीतील पत्रे वाचताना लेखकाची लेखणी एकाएकी थट्टा विसरते. सबंध पुस्तकात तेवढीच पाने आम्हांस मनापासून लिहिलेली वाटतात. बाकीचा बराचसा भाग, विशेषतः जहाजावर आमाबेदने पवित्र शास्त्र वाचून केलेल्या कोट्या, आज वाचवत नाही. चावटपणा शिळा झाला की त्याइतके नीरस काही नसते.

इतिहास म्हणून या कथेत चुका मोठ्या आहेत. आफोंसो द आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवे घेतले ते १५१० साली. खुद्द पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना १५३६ मध्ये झाली, आणि गोव्यात तिचे न्यायासन बसले ते १५६० साली. म्हणजे ज्या कोठडीत लेखकाने आदातेला टाकले ती कोठडी तिच्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी तयार झाली. दहावे लिओ १५२१ मध्ये वारले होते, तेव्हा गोव्याच्या इन्क्विझिशनचे कोणतेही प्रकरण त्यांच्यापुढे जाणे शक्यच नव्हते. शिवाय लेखकाचा आमाबेद हा काशीचा ब्राह्मण नव्हेच. त्याच्या घरात देव्हारा नाही, सोवळे नाही, श्राद्धपक्ष नाही. एका परमेश्वराला मानणारा, कर्मकांडाला हसणारा, सर्वांशी सभ्यपणे वागणारा असा तो फेर्नेचाच एक गृहस्थ आहे, फक्त त्याला उपरणे पांघरले आहे.

व्हॉल्तेरने भारत कधी पाहिला नाही. येथे एका दुसऱ्या फ्रेंच माणसाची आठवण होते. येशूसंघाचे फादर एत्येन द ला क्रुआ हे गोव्यात राहिले, मराठी शिकले आणि १६२९ साली त्यांनी संत पेत्राच्या चरित्रावर मराठी ओव्यांचा प्रचंड ग्रंथ गोव्यात छापला. पोर्तुगीज प्रथेप्रमाणे त्यांचे नाव एस्तेव्हाँव द क्रूझ झाले, पण ते टोपणनाव नव्हते, त्याच नावाचे भाषांतर होते. त्यांच्याही ग्रंथात हिंदू समजुतींचे खंडन आहे आणि ते आज आपल्याला रुचेलच असे नाही. पण ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांच्या भाषेत, त्यांच्या छंदात, त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी तो घातला. पॅरिसच्या वाचकाला हसविण्यासाठी काशीचा ब्राह्मण उभा करणे त्या मानाने सोपे.

हिंदू शास्त्रांची जी माहिती व्हॉल्तेरजवळ होती ती बरीचशी हॉलवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथांवरून घेतलेली. तिच्याशिवाय त्याच्याजवळ आणखी एक हस्तलिखित होते, आणि त्या हस्तलिखिताची हकीकत कोणत्याही कादंबरीहून सरस आहे. १७६० साली मोदाव्ह नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने भारतातून परतताना त्याला 'एझुर्वेदम्' नावाचे एक फ्रेंच पुस्तक आणून दिले. हा वेदाचा अनुवाद आहे, अशी त्याची समजूत. त्यात सुमंतु आणि व्यास यांचा संवाद आहे. व्यास मूर्तिपूजेची व पुराणकथांची बाजू मांडतो, सुमंतु ती खोडून काढतो आणि एकाच निराकार परमेश्वराची भक्ती सांगतो. व्हॉल्तेरला हर्ष झाला. ख्रिस्ताच्या कितीतरी आधी ब्राह्मणांना शुद्ध एकेश्वरवाद ठाऊक होता, मग बायबलची मिजास कशाला, असे त्याने जगाला सांगितले. हस्तलिखिताची प्रत त्याने मोठ्या सन्मानाने राजाच्या ग्रंथालयास भेट दिली. अनेक लेखांत त्याचा आधार घेतला. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १७७८ साली, तो ग्रंथ छापूनही निघाला.

परंतु १७८२ मध्ये सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने लिहिले की हा वेद नव्हे, हे कोणा मिशनऱ्याचे लेखन आहे. १८२२ साली मद्रासच्या एलिस या विद्वान अधिकाऱ्याचा लेख प्रसिद्ध झाला. पाँदिचेरीच्या मिशनमध्ये त्याला याच ग्रंथाची व अशाच इतर 'वेदांची' हस्तलिखिते मिळाली होती. येशूसंघाच्या फ्रेंच धर्मगुरूंच्या कागदपत्रांतच ती होती. नेमक्या कोणत्या फादरांनी ते लिहिले याविषयी पंडितांत अजून एकमत नाही. लुडो रॉशे यांनी १९८४ साली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, तीतही कर्त्याचे नाव निश्चित झाले नाही. पण तो फ्रेंच मिशनऱ्यांच्या लेखणीतून उतरला याविषयी आता शंका राहिलेली नाही.

हे वाचताना आम्हांस हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले. हसू यासाठी की, दुसऱ्यांच्या नावाने पुस्तके लिहून सबंध युरोपला बनविणारा गृहस्थ येथे स्वतः बनला. त्याने धर्मगुरूचा मुखवटा घालून ब्राह्मणाची पत्रे लिहिली. त्याच्या कितीतरी आधी एका धर्मगुरूने ऋषीचा मुखवटा घालून संवाद लिहिला होता, आणि तो त्याने खरा मानून डोक्यावर घेतला. वाईट यासाठी की, आपल्या बाजूचा तो अज्ञात लेखकही काही फार उजळ माथ्याचा ठरत नाही. सुवार्ता सांगण्यासाठी आलेल्याने ती व्यासाच्या नावावर का खपवावी? हे हस्तलिखित केवळ नव्या मिशनऱ्यांच्या अभ्यासासाठी होते, फसविण्याचा हेतू नव्हता, असेही काही अभ्यासक म्हणतात. तसे असेल तर उत्तमच.

मुखवट्यांचा हा खेळ येथे संपवून आम्ही आता एका खऱ्या कैद्याकडे वळतो. त्याचे नाव शार्ल देलों. जन्म १६५० चा, व्यवसाय वैद्यकीचा. तो फ्रेंच होता, कॅथॉलिक होता आणि शेवटपर्यंत कॅथॉलिकच राहिला, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे. तरुण वयात तो पोर्तुगीजांच्या दमणमध्ये वैद्यकी करू लागला. तेथे गप्पांच्या ओघात धर्मविषयांवर तो जरा मोकळेपणाने बोले. स्नानसंस्कार, क्रुसमूर्तीचे चुंबन, पवित्र प्रतिमा यांविषयी त्याने काढलेले उद्गार कोणी तरी टिपून ठेवले. शिवाय दमणच्या सुभेदाराचा त्याच्यावर राग होता. एका स्त्रीकडे देलोंचे जाणे-येणे त्याला खपत नसे, असे देलों स्वतः सांगतो. १६७३ च्या ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली.

दमणहून गोव्यास नेताना त्याला काही काळ वसईच्या तुरुंगात ठेवले होते. वसईच्या किल्ल्यात आज सहलीला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी हे मनात ठेवून ते भग्न चौक पाहावेत. १६७४ च्या जानेवारीत तो गोव्यास पोहोचला आणि इन्क्विझिशनच्या वाड्यात कोंडला गेला. आदिलशाहीच्या काळी तेथे राजवाडा होता, पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय तेथे राहत, आणि १५६० नंतर तो वाडा धर्मन्यायाधीशांकडे आला. गोमंतकीय माणसे त्याला 'व्हडलें घर' म्हणत. नाव उच्चारताना आवाज उतरे, अशा इमारतींपैकी ती होती.

देलोंच्या पुस्तकातील या वाड्याचे वर्णन भडक नाही. कोठडी स्वच्छ होती, जेवण पुरेसे मिळे, आजाऱ्याला औषधही मिळे, हे तो प्रांजळपणे नोंदवितो. भयंकर होती ती शांतता. मोठ्याने रडण्यास, प्रार्थना म्हणण्यासही बंदी. शेजारच्या कोठडीत कोण आहे हे कळावयाचे नाही. पुस्तक नाही, कागद नाही. आणि खटल्याची रीत अशी की आरोप कोणता, आरोप करणारा कोण, हे आरोपीला सांगत नसत. आपला गुन्हा त्याने स्वतःच ओळखावा आणि कबूल करावा! देलोंला जे आठवले ते त्याने सांगितले, तरी 'आणखी आठव' हेच उत्तर. निराशेच्या भरात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, एकदा नव्हे, अनेकदा.

१२ जानेवारी १६७६ रोजी पहाटे कैद्यांना बाहेर काढून रांगेत बसविण्यात आले. प्रत्येकाला पश्चात्तापाचा विशेष झगा चढविण्यात आला. आपण जाळले जाणार की सुटणार हे त्या घटकेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. कोणत्या झग्यावर कोणते चित्र आहे यावरून कैदी आपापले नशीब वाचू लागले. देलोंच्या पिवळ्या झग्यावर संत आंद्रेयाचा क्रूस होता, ज्वाळा नव्हत्या. तो वाचला होता. अनवाणी पायांनी सबंध शहरातून मिरवणूक निघाली. देलोंला पोर्तुगालमध्ये पाच वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. ब्राझीलमार्गे तो लिस्बनला पोहोचला, आणि तेथील काही वजनदार देशबांधवांच्या खटपटीने १६७७ मध्ये सुटला.

सुटताना गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. देलोंनेही ती घेतली होती. ती मोडावी की पाळावी या विचारात त्याने कितीतरी वर्षे काढली. शेवटी १६८७ साली हॉलंडमधील लायडन येथे 'गोव्याच्या इन्क्विझिशनची हकीकत' छापून निघाली. तिच्यावरही लेखकाचे नाव नव्हते. पण हे नाव न घालणे आणि व्हॉल्तेरचे नाव न घालणे यांत आम्हांस मोठे अंतर दिसते. देलोंने कोणाचे सोंग घेतले नाही. त्याने काशीचा ब्राह्मण उभा केला नाही की सोर्बोनचा पंडित. आपण पाहिले तेवढे सांगितले आणि न पाहिलेले बहुतेक वगळले. पुस्तक युरोपभर वाचले गेले, अनेक भाषांत गेले. व्हॉल्तेरलाही ते ठाऊक होते. 'आमाबेदची पत्रे'मध्ये आदातेच्या कोठडीची जी पाने अंतःकरणाला भिडतात त्यांच्यामागे देलोंची कोठडी उभी आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकाला देलोंची ओळख करून देण्याचे श्रेय प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांचे. त्यांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्यात देलोंची हकीकत समाविष्ट केली. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचे त्यांच्याइतके प्रेमाने संशोधन करणारे विरळा. म्हणून त्यांचा तो ग्रंथ द्वेषापोटी लिहिला गेला, असे म्हणणे आम्हांस पटत नाही.

या न्यायासनापुढे १५६१ पासून १७७४ पर्यंत सोळा हजारांहून अधिक खटले चालले. प्रथम रोख होता तो यहुदी वंशातून आलेल्या नवख्रिस्त्यांवर. ज्याच्याकडे एके काळी मुंबई बेट इजाऱ्याने होते तो प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याच वंशातला. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. पुढे रोख वळला तो येथल्या मातीतील ख्रिस्ती लोकांवर. लग्नात जुनी गाणी म्हटली, सणाला जुने पक्वान्न केले, आजाऱ्यासाठी घाडी बोलावला, असे आरोप. १७७४ मध्ये मार्क्विस द पोम्बाल या पोर्तुगीज मंत्र्याने हे न्यायासन बंद केले, चार वर्षांनी ते पुन्हा उघडले, आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. दप्तर बव्हंशी नष्ट झाले. 'व्हडलें घर'ही पुढे पाडण्यात आले.

मृत्युदंड झालेल्यांची संख्या फुगवून सांगण्याची जी रीत पडली आहे ती सत्याला धरून नाही. सोळा हजारांपैकी फार थोडे जाळले गेले. पण एवढ्याने आपले काम भागते काय? आमच्या मते नाही. 'फार थोडे' म्हणजे शून्य नव्हे. आणि स्नानसंस्कार झालेल्यांवर अधिकार चालविणे हे या न्यायासनाचे मुख्य काम असल्याने त्याच्या कोठड्यांत बसलेले बहुसंख्य लोक ख्रिस्तीच होते. परके म्हणून नव्हे, आपले म्हणूनच ते पकडले गेले. गोव्याच्या इन्क्विझिशनवर कोणी बोलले की आपण आपल्या धर्मावरील हल्ला म्हणून अंग चोरतो, तेव्हा हे आपल्या ध्यानातही येत नाही की ज्यांच्यासाठी रडावयाचे ते आपल्याच वेदीपुढे गुडघे टेकणारे होते. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या वतीने जी क्षमायाचना केली, तीत सत्याची सेवा करताना वापरलेल्या गैरमार्गांचा स्पष्ट उल्लेख होता. ज्या ग्रंथनिषेधसूचीत व्हॉल्तेरची अनेक पुस्तके होती ती सूचीही १९६६ मध्येच रद्द झाली होती. तेव्हा ही कादंबरी हाती घेण्यास आता कोणाची परवानगी नको. फक्त तिच्याआधी देलों वाचावा, एवढेच आमचे सांगणे.

फेर्ने गावाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ते गाव जिनिव्हाच्या धर्मप्रांतात मोडत असे, आणि कॅल्व्हिनच्या काळापासून जिनिव्हाचे महागुरुस्वामी आनसी येथे राहत. संत फ्रान्सिस द सेल्स हे तेथलेच. प्रवचनास लोक येईनात तेव्हा पत्रके लिहून ती दाराच्या फटीतून आत सारणारे, आणि म्हणून कॅथॉलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरलेले! व्हॉल्तेरच्या काळी आनसीचे महागुरुस्वामी होते बिओर. १७६८ च्या ईस्टरला व्हॉल्तेरने फेर्नेच्या चर्चमध्ये जाऊन कम्युनियन घेतले आणि वर भर चर्चमध्ये चोरीविरुद्ध गावकऱ्यांना उपदेशही केला. बिओर महागुरूंनी त्याला पत्र लिहून खडसावले. पुढच्या वर्षी, म्हणजे 'आमाबेदची पत्रे' निघाली त्याच १७६९ साली, आजारपणाचे निमित्त करून त्याने बिछान्यातच कम्युनियन मिळविले आणि त्याचा रीतसर दस्तऐवज करून घेतला. त्यामागची श्रद्धा किती आणि सोंग किती, हे त्याचे चरित्रकारही ठरवू शकलेले नाहीत. आम्ही कोण ठरविणार?

याच आनसी गावी १८३८ साली फादर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, तेथून नागपूरकडे आणि नागपूरहून निजामाच्या मराठी मुलखात आले. १९७७ मध्ये निराळा झालेला औरंगाबादचा धर्मप्रांत, ज्यात आमचा जालना जिल्हा येतो, त्याची मुळे त्यांच्याच मिशनकार्यात आहेत. घोगरगावच्या फादर गुरियन जाकिये यांचे नाव आमच्या भागातील वडीलधारी माणसे अजून आदराने घेतात. ज्या धर्मप्रांताच्या एका गावी बसून काशीच्या कल्पित ब्राह्मणाची पत्रे लिहिली गेली, त्याच धर्मप्रांतातून शंभराहून अधिक वर्षांनी माणसे आली आणि मराठवाड्याच्या दुष्काळी गावांत खऱ्या माणसांमध्ये राहून मराठी बोलू लागली. त्यांच्याही कार्यात चुका झाल्या असतील, पण तेथे कोठडी नव्हती.

शेवटी पुन्हा १२ जानेवारी १६७६ चा दिवस. त्या दिवशी दोघांना जाळण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. एक पुरुष आणि एक स्त्री, दोघेही याच देशातील, दोघेही कॅथॉलिक. आरोप जादूटोण्याचा. देलोंच्या मते त्यांना जादूटोणा मुळीच येत नव्हता. त्यांच्याबरोबर चार मृतांच्या अस्थींच्या पेट्याही नदीकाठच्या चितेकडे नेण्यात आल्या. आमाबेद, आदाते, फा तुत्तो ही कधीही न जगलेल्या माणसांची नावे आज जगभरच्या ग्रंथालयांत सापडतात. तांपोने यांचे नाव त्यांनी न लिहिलेल्या पुस्तकामुळे राहिले. त्या दोघांची नावे देलोंच्या पुस्तकात नाहीत.